मळसूत्री पंपाचा आवाज आणि रोटरचा छेद

माझगावच्या गोदीत बांधलेली ‘कलवरी’ पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाली. पाणबुडीत यंत्राचा आवाज म्हणजे शत्रूला आपणहून दिलेला ठावठिकाणा असल्यामुळे, तेल खेळवण्यासाठी अशा नौकांवर मळसूत्री पंपांना पूर्वापार पसंती मिळत आली आहे. दातेरी चाकांच्या पंपात दात एकमेकांत शिरताना तेल मध्येच चिरडले जाते आणि प्रवाहाला धक्के बसतात; मळसूत्री पंपात मात्र आट्यांमध्ये बंदिस्त झालेले तेल रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या आटेदार दांड्याच्या, अक्षाच्या दिशेने सलग सरकत राहते.

तरीही सगळेच मळसूत्री पंप सारखे शांत नसतात, आणि त्याचे पहिले कारण रोटरच्या आडव्या छेदात असते. रोटरवर एकच आटा असेल, तर छेदाचा गुरुत्वमध्य अक्षावर येत नाही. असा रोटर पूर्ण संख्येइतक्या वेढ्यांचा केला, तर निरनिराळ्या छेदांची ओढ एकूण शून्य होते. पण दोन टोकांना परस्परविरुद्ध हिसके देणारे बलयुग्म उरते आणि ते बेअरिंगवर येते. दोन आटे समोरासमोर कापले की प्रत्येक छेद स्वतःपुरता समतोल होतो. स्वीडनच्या कार्ल माँटेलियस यांच्या तीन रोटरांच्या पंपात मधला रोटर असाच दुहेरी आट्यांचा आहे; शिवाय दोन्ही बाजूंच्या रोटरांकडून येणारा आडवा दाब त्याच्यावर एकमेकांना रद्द करतो. माझ्या मते, पंपाखाली रबरी गाद्या घालण्याचा विचार त्यानंतरचा.

सांडपाण्याचा गाळ ढकलणाऱ्या एका रोटरच्या पंपाला हे सुख नाही. त्याचा रोटर रबरी स्टेटरमध्ये, म्हणजे भोवतालच्या स्थिर आवरणात, फिरता फिरता विरुद्ध दिशेने घिरट्याही घालतो, आणि त्यातून निर्माण होणारे केंद्रोत्सारी बल रोटरचे वस्तुमान, उत्केंद्रता (रोटरचा मध्य स्टेटरच्या मध्यापासून जितका बाजूला असतो ते अंतर) व वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की बल चौपट. म्हणून रोटर पोकळ करणे, किंवा पेचाची लांबी (एका वेढ्यात आटा अक्षावर जितका पुढे जातो ते अंतर) वाढवून तेवढाच प्रवाह कमी फेऱ्यांत मिळवणे, हे उपाय खरोखर उपयोगी पडतात.

दुसरा आवाज तेलाचा. आट्यांमध्ये तेल बंदिस्त करणारा शेवटचा कप्पा निर्गमाकडे, म्हणजे तेल बाहेर पडण्याच्या तोंडाकडे, उघडतो, तेव्हा त्यातील दाब बाहेरच्यापेक्षा कमी असेल, तर तेल उलटे आत घुसते. तेलात हवेचे बुडबुडे असले, तर हा धक्का अधिकच कर्कश होतो. वायू ओढणाऱ्या कोरड्या निर्वात पंपांत पेचाची लांबी निर्गमाकडे कमी करत नेतात, म्हणजे वायू वाटेतच दाबला जातो. द्रवाच्या बाबतीत ही युक्ती घातक ठरते, कारण द्रव जवळपास दबतच नाही आणि आकसणारा कप्पा दाब बेसुमार वाढवतो. तेथे वेढे वाढवून दाबाचा फरक अनेक कप्प्यांत विभागणे हाच रास्त मार्ग. मात्र त्यामुळे लांबलेला रोटर वाकून भिंतीला घासणार नाही, इतका जाड ठेवावा लागतो.