मोलकरीण, साडेचारशे पौंड आणि पॅरिसचा ड्रेस : पार्श्वभूमी

कष्टकरी बाई, तिला पडलेलं झगमगीत स्वप्न आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणणारा गोडवा, अशा हलक्याफुलक्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की लोक सिंड्रेलापासून सुरुवात करतात. १६९७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या त्या कथेशी यांचं नातं आहे, पण दूरचं. सिंड्रेला मुळात खात्यापित्या घरची मुलगी. सावत्र आईमुळे चुलीपाशी आलेली. १७४० च्या ‘पामेला’ या गाजलेल्या इंग्रजी कादंबरीतली मोलकरीण खरीखुरी मोलकरीण आहे, पण तिला बक्षीस मिळतं ते मालकाशी लग्नाचं. या दोघींना स्वतःच्या पैशाने काही विकत घ्यायचं नव्हतं. १९५८ साली आलेल्या पॉल गॅलिकोच्या ‘मिसेस हॅरिस गोज टू पॅरिस’ या लंडनच्या मोलकरणीच्या कादंबरीत नायिका साठीच्या आसपासची विधवा आहे. तिला राजपुत्र नको, पॅरिसचा ड्रेस हवा, आणि तो रोख पैसे मोजून हवा.

ही बाई कुठून आली हे समजायला इंग्लंडमधल्या घरकामाचा इतिहास थोडा पाहावा लागतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथे दहा लाखांहून जास्त स्त्रिया घरकामात होत्या. त्यातल्या कित्येक मालकाच्याच घरी राहायच्या. महिन्यातून मोजक्या सुट्ट्या, माळ्यावरची खोली, डोक्याला टोपी. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांनी आणि लष्कराने या मुली ओढून नेल्या, आणि त्या परत आल्या नाहीत. उरली ती तासावर काम करणारी बाई. तिच्याकडे चार-सहा घरांच्या किल्ल्या असत, स्वतःचं बिऱ्हाड असे, आणि एखाद्या घराशी पटलं नाही तर ती काम सोडून देई. मालकिणीलाच तिची मनधरणी करावी लागे. युद्धकाळात रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमांनी तिला बादली-फडक्यासकट घराघरांत पोचवलं होतं. थेम्सच्या दक्षिणेकडच्या बॅटरसीतली कादंबरीतली बाई याच जातकुळीतली. ती आपली घरं स्वतः निवडते, हा तपशील समीक्षकांनी फारसा लक्षात घेतलेला नाही.

कपड्यांचं रेशन १ जून १९४१ ला आलं. मोठ्या माणसाला वर्षाला ६६ कुपनं. लोकरी ड्रेसला ११, कोटाला १४. पुढे कुपनं कमी होत गेली. स्कर्टला चुण्या किती, बटणं किती, खिसे किती, यावरही सरकारी नियम आले. पुरुषांच्या पॅंटच्या दुमडपट्टीवर बंदी घातली तेव्हा मात्र गहजब झाला. युद्ध संपलं तरी कुपनं संपली नाहीत. कपड्यांचं रेशन उठलं ते १५ मार्च १९४९ ला, आणि अन्नाचं तर १९५४ मध्ये.

या कोरड्या काळात, १२ फेब्रुवारी १९४७ ला, पॅरिसच्या अव्हेन्यू मोंतेन्यवरच्या ३० नंबरच्या घरात ख्रिस्तियन दिओर या नव्या फॅशनघराने पहिला संग्रह दाखवला. बारीक कंबर आणि पोटरीपर्यंत येणारा घेरदार स्कर्ट. एकेका पोशाखाला मीटरच्या मीटर कापड. हाच तो ‘न्यू लूक’. मागे एका कापडसम्राटाचा पैसा होता, हे सांगायलाच हवं. कापड जास्त खपलं तर त्याचं काही बिघडणार नव्हतं. खुद्द पॅरिसमध्ये, मोंमार्त्रच्या बाजारात, असा स्कर्ट घालून फोटो काढायला आलेल्या मॉडेलचे कपडे रस्त्यावरच्या बायकांनी ओरबाडले. लंडनमध्ये व्यापारमंत्र्यांनी लांब स्कर्ट म्हणजे कापडाची नासाडी म्हणून नाकं मुरडली, आणि एका महिला खासदारांनी हा पोशाख बाईला पिंजऱ्यातला पक्षी बनवतो अशी टीका केली. तरी कायदा झाला नाही, आणि स्कर्ट लांबच झाले. आठ वर्षं चौकोनी खांद्यांचे, आखूड, कंजूष कपडे घातलेल्या बायकांना कुणी व्याख्यान देऊन थांबवणार होतं थोडंच!

म्हणून ड्रेस ‘चैनीची वस्तू’ आहे एवढ्यावर या कादंबरीचा उलगडा होत नाही. बड्या मालकिणीच्या कपाटात लटकलेला दिओरचा ड्रेस नायिकेला दिसतो, त्याच्या आधी जवळपास आठ वर्षं सरकारने तिच्या पेटीकोटाचंही कापड मोजलं होतं.

आता आकडे. ड्रेसची किंमत ४५० पौंड, नायिकेची मजुरी तासाला तीन शिलिंग. पौंडाचे वीस शिलिंग, म्हणजे ९,००० शिलिंग, म्हणजे ३,००० तास. दिवसाचे दहा तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर पन्नास आठवड्यांची सगळी कमाई, तीही भाडं न देता आणि न जेवता. आपल्याकडे त्या वेळच्या दराने हे सहा हजार रुपये झाले. तिला फुटबॉल पूलमध्ये, म्हणजे सामन्यांच्या निकालांवरच्या पैजेत, शंभरावर पौंड लागतात, पण बाकीची रक्कम चहा, सिनेमा, बसभाडं यांतून काटकसरीनेच उभी राहते. वाटेत ती ५० पौंड कुत्र्यांच्या शर्यतीत घालवतेही, कारण एका कुत्र्याचं नाव तिला शकुनासारखं वाटतं. ज्याला ही कादंबरी परीकथा वाटते त्याने ती पानं पुन्हा वाचावीत. बचतीचं इतकं बारीक वर्णन परीकथेत नसतं.

पैसे जमले तरी ते पॅरिसला न्यायचे कसे? वाद आहे तो इथे. ब्रिटनमध्ये परकीय चलनावर निर्बंध आले १९३९ मध्ये, युद्धाची तरतूद म्हणून. १९४७ च्या कायद्याने ते कायमचे झाले. त्याच वर्षी १५ जुलैला पौंड डॉलरमध्ये बदलायची मुभा दिली गेली, आणि तिजोरीतले डॉलर इतक्या वेगाने आटले की २० ऑगस्टला ती मागे घ्यावी लागली. शरद ऋतूपासून मौजेच्या परदेशप्रवासासाठी चलन मिळणं बंद. पुढे प्रवाशाला नेता येईल एवढ्या चलनाचा भत्ता पुन्हा सुरू झाला, पण १९५१-५२ च्या काही महिन्यांत तो शंभर पौंडांवरून पन्नास आणि पन्नासावरून पंचवीसवर आला. कुठल्याही वर्षाचा नियम लावा, साडेचारशे पौंड घेऊन पॅरिसला खरेदीला जायची सोय मोलकरणीलाच काय, सरदारीणबाईंनाही सरळ मार्गाने नव्हती. कादंबरीत नायिका आपल्या एका अमेरिकन मालकिणीला पौंड देते आणि तिच्याकडून १,४०० डॉलर घेते. पौंडाला २.८० डॉलर हा १९४९ च्या अवमूल्यनानंतरचा अधिकृत दर. म्हणजे बरोब्बर ५०० पौंड. दर अगदी सचोटीचा, व्यवहार मात्र बेकायदा.

बेकायदा म्हणावा की नाही, यावर वाचकांत दोन तट आहेत. एक बाजू म्हणते, मालकीण परदेशी, डॉलर तिचे, कुणी नफा घेतला नाही, मग गुन्हा कसला? पण कायदा नफ्याबद्दल नव्हताच. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याने परवानगी असलेल्या बँकेखेरीज कुणाकडूनही परकीय चलन घ्यायचं नाही, असा तो साधा नियम होता, आणि तो मोडला गेला. दुसरी बाजू म्हणते, लेखकाने कथेच्या सोयीसाठी डोळेझाक केली. मला हे पटत नाही. लेखक न्यूयॉर्कचा, आधी क्रीडापत्रकार, नंतर वर्षानुवर्षं युरोपात राहिलेला. चलनाच्या भानगडी त्याला ठाऊक नसतील हे अवघड आहे. शिवाय परतीच्या प्रवासात त्याने मुद्दाम कस्टमचा प्रसंग घातला आहे. अधिकारी विचारतो, बॅगेत काय? बाई खरं तेच सांगते, की पॅरिसचा महागडा ड्रेस. मोलकरणीच्या तोंडून हे ऐकून तो हसतो आणि तिला सोडून देतो. जकात वाचते ती खरं बोलल्यामुळे! वर्गभेदावर याहून झणझणीत विनोद त्या दशकातल्या हलक्या कादंबऱ्यांत क्वचित सापडेल.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे समजावून सांगायला नको. भारताचा विदेशी विनिमय कायदाही १९४७ चाच, मार्चमधला, आणि त्याचंही मूळ युद्धकाळच्या नियमांत. खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला उतरलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. ब्रिटनने आपले निर्बंध १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये उठवले, तोवर १९६६ मध्ये भत्ता पुन्हा पन्नास पौंडांवर आलेला होता.

कादंबरी बाजारात आली तेव्हा त्या फॅशनघराचा संस्थापक हयात नव्हता. ऑक्टोबर १९५७ मध्ये इटलीत त्याचं निधन झालं आणि एकवीस वर्षांच्या साहाय्यकाकडे सूत्रं गेली. पुढे लेखकाने याच बाईला न्यूयॉर्कला (१९६०), ब्रिटिश संसदेत (१९६५) आणि मॉस्कोला (१९७४) पाठवलं. तीनही पुस्तकं पहिल्याइतकी टिकली नाहीत. संसद आणि मॉस्को तिने पैसे साठवून मागितलेले नव्हते, हे त्याचं एक कारण असावं.

टीका मुख्यतः एकच होते : वरच्या वर्गाला सोयीची, गोड, कृतज्ञ मोलकरीण. यात तथ्य आहे. बाईची लंडनी बोली जागोजागी गमतीसाठी वापरली आहे, आणि पॅरिसमधले सगळे तिच्यापुढे जरा जास्तच लवकर विरघळतात. पण शेवट सोयीचा नाही. ज्या नटीला ती भल्या मनाने ड्रेस घालायला देते, ती तो जाळून आणते. भरपाई नाही, नवा ड्रेस नाही. पॅरिसहून फुलं येतात, एवढंच.

२०२२ च्या चित्रपटाने हे बदललं. पैसे बरेचसे नशिबाने येतात, त्यात युद्धविधवेच्या थकलेल्या निवृत्तिवेतनाचीही भर. नायिका पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींचा संप उभा करते, आणि शेवटी तिला दुसरा ड्रेस घरपोच मिळतो. संपाची भर वाईट नाही. सुया चालवणारे हात मूळ पुस्तकात जवळपास दिसतच नाहीत. दुसऱ्या ड्रेसने मात्र सगळा हिशेबच पुसला. वेशभूषेसाठी त्याच फॅशनघराने आपल्या जुन्या संग्रहाची दारं उघडली होती. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाने त्यांची इतकी जाहिरात केली, त्या मानाने हे स्वस्तातच पडलं म्हणायचं.