कूलरची बॉडी, काळी माती आणि अर्थिंग

सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेला की माळ्यावरचे पत्र्याचे कूलर खाली उतरतात आणि त्यांच्यामागोमाग ‘बॉडीला करंट येतोय’ ही तक्रारही येते. पत्र्याची पेटी, तिच्या तळाशी पाणी, त्या पाण्यात बुडालेला पंप आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस, अशी ही मांडणी असते. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध सुमारे 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला त्याच्या शरीरातून 230 मिलिॲम्पिअर प्रवाह वाहू शकतो. हृदयाची लय बिघडायला याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो.

यावर उपाय म्हणून अर्थिंग सर्वांना ठाऊक आहे. मात्र अर्थिंग केले की बॉडीवर आलेली वीज जमिनीत मुरते, अशी जी समजूत आहे, ती अपुरी आहे आणि तिच्यामुळे चुका होतात. वीज पाण्यासारखी जमिनीत मुरत नाही. ती जिथून निघाली त्या रोहित्राकडे, म्हणजे ज्याला आपण डीपी म्हणतो तिकडे, परत जाते. रोहित्राचा न्यूट्रल, म्हणजे परतीच्या प्रवाहाची वायर, तिथे जमिनीला जोडलेला असल्यामुळे हे वर्तुळ पूर्ण होते. फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, वायर कूलरच्या पत्र्याला टेकली की अर्थच्या वायरने प्रवाहाला सोपी वाट मिळावी, त्या वाटेने एकदम मोठा प्रवाह वाहावा आणि त्यामुळे एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहावर आपोआप बंद होणारा स्विच, पडून पुरवठा तुटावा, हे अर्थिंगचे खरे काम आहे. पुरवठा तुटला नाही, तर अर्थिंग असूनही बॉडीवर करंट तसाच राहतो.

आता हे गणित आपल्या जमिनीत मांडून पाहू. सोलापूरची काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती आकसते, तिला भेगा पडतात आणि अर्थच्या पाइपाभोवतीची पकड सुटते. अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ असून खाली लगेच बसाल्टचा कातळ लागतो आणि कोरडा कातळ वीज फारशी वाहू देत नाही. समजा, मे महिन्यात घराच्या अर्थ खड्ड्याचा, म्हणजे अर्थचा पाइप पुरलेल्या खड्ड्याचा, रोध 20 ओहम झाला आणि रोहित्राकडच्या अर्थचा रोध 2 ओहम आहे. एकूण 22 ओहममधून 230 व्होल्टला साधारण 10.5 ॲम्पिअर प्रवाह वाहील. सोळा ॲम्पिअरच्या एमसीबीला हा नेहमीचाच भार वाटतो, त्यामुळे ती पडत नाही. दरम्यान कूलरच्या पत्र्यावर सुमारे 209 व्होल्ट तसेच टिकून राहतात. खड्डा आहे, वायर जोडलेली आहे, आणि तरीही धोका जवळजवळ पूर्ण आहे.

म्हणूनच आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, हवी, असे मी आग्रहाने सांगतो. तिच्या आत एका लोखंडी कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह सारखे असले की कडे शांत राहते. काही भाग जमिनीच्या वाटेने गेला की तफावत पडते आणि आरसीसीबी क्षणार्धात पुरवठा तोडते. घरासाठीची आरसीसीबी 30 मिलिॲम्पिअरची असते. वरच्याच 20 ओहमच्या खड्ड्यातून 30 मिलिॲम्पिअर वाहिले, तर पत्र्यावर 0.6 व्होल्टच येतात. जे काम एमसीबीला 10 ॲम्पिअरवरही जमत नव्हते, ते इथे इतक्या थोड्या गळतीवर होते. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबावे, पण त्याने फक्त तिची यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग तपासले जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आमच्या घरी एकदा आरसीसीबी बसवली आणि कूलर लावताच ती पडू लागली. आलेल्या कारागिराने आरसीसीबीच खराब ठरवली. थ्री-पिन सॉकेट उघडले, तेव्हा न्यूट्रल आणि अर्थ या दोन टर्मिनलांमध्ये बोटभर लांबीचा लाल वायरचा तुकडा जोडलेला दिसला. पूर्वी कोणीतरी, टेस्टर लावल्यावर बॉडीवर दिवा लागू नये म्हणून, ही सोय करून ठेवली होती. ही सोय घातक आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला किंवा फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, की घरातली त्या सॉकेटला लावलेली प्रत्येक धातूची बॉडी थेट फेजवर येते. आरसीसीबी पडत होती ती तिचे काम चोख करत असल्यामुळे. न्यूट्रलचा काही प्रवाह त्या तुकड्यातून अर्थच्या वाटेने परतत होता.

अर्थिंगइतकेच महत्त्वाचे, पण घरांत क्वचितच केले जाणारे काम म्हणजे बॉन्डिंग. धक्का बसतो तो शरीराला टेकलेल्या दोन जागांच्या व्होल्टेजमधील फरकामुळे. गिझरची बॉडी, शॉवरचा लोखंडी पाइप आणि नळ एकाच तांब्याच्या वायरने एकमेकांना व अर्थला जोडले, तर दोष आला तरी त्यांच्यात फरक जवळजवळ उरत नाही. शहरात पाणी काही दिवसांआड येते आणि पाणी आले की नळाला मोटर लावली जाते. त्या मोटरच्या वाइंडिंगला ओल लागली, तर करंट लोखंडी पाइपावर येतो. जुन्या पाइपाचा मधला तुकडा बदलून प्लॅस्टिकचा घातला असेल, तर पाइपाची जमिनीकडची सलगता तिथेच तुटते आणि पलीकडचा नळ जमिनीशी जोडलेलाच राहत नाही. पाण्याच्या पाइपालाच अर्थ म्हणून वापरणे तर शेजाऱ्याच्या नळापर्यंत धोका नेण्यासारखे आहे.

यंत्रमागाच्या शेडमध्ये हाच विचार अधिक काटेकोरपणे करावा लागतो. माग हाताच्या अंतरावर उभे असतात. कामगाराचा एक हात एका बिडाच्या सांगाड्यावर आणि दुसरा शेजारच्या मागावर असू शकतो. दोन मागांना दोन निरनिराळ्या खड्ड्यांचे अर्थिंग असले, तर एकात दोष येताच त्या दोन हातांमध्ये मोठा फरक उभा राहतो. म्हणून शेडभर एक सलग पट्टी फिरवून सगळे माग तिलाच जोडायचे असतात. मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या असाव्यात, असा विद्युत सुरक्षेचा नियम आहे. धडधडणाऱ्या मागावर एखादा नट कधी सैल होईल याची खात्री नसते, हे जवळून पाहिलेल्याला त्या दुसऱ्या वायरचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

अर्थच्या खड्ड्यात पाइपाभोवती मीठ आणि कोळसा भरतात. त्यातले मीठ पावसागणिक धुपते आणि लोखंडी पाइपाला गंजही चढवते. कोळसा ओल धरून ठेवतो, पण त्यासाठी ओल मुळात घालावी लागते. खड्ड्याचा रोध मोजायचा तर ऑगस्टमध्ये मोजून उपयोग नाही. तो एप्रिल-मेमध्ये, खड्ड्यात पाणी ओतण्याआधी मोजावा.