चुलवाणात जळणारी साखर

निपाणीकडच्या गुऱ्हाळावर सगळ्यांची नजर काहिलीवर असते. माझी जाते बाजूच्या चिपाडाच्या ढिगावर. रस निघाला, उरलं ते जळण, असा आपला हिशेब. पण एक टन उसातून कारखान्याला साधारण १०० किलो साखर मिळते, आणि त्याच उसाच्या चिपाडात ६० किलोच्या आसपास सेल्युलोज उरतं. सेल्युलोज म्हणजे तरी काय, ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडलेले. थोडक्यात, एक साखर जाळून आपण दुसरी आटवतो.

भाकरीतला स्टार्चही ग्लुकोजचाच. फरक सांध्याचा. स्टार्चची साखळी सैल वेटोळं घालते, म्हणून ती पोटात सुटते. सेल्युलोजमध्ये दर दुसरा रेणू उलटा बसतो, साखळी ताठ राहते. अशा साखळ्या चऱ्हाटाच्या पेडांसारख्या एकमेकींना इतक्या चिकटतात की आत पाणीसुद्धा शिरत नाही. वरून लिग्निनचा, म्हणजे वनस्पतीला कडकपणा देणाऱ्या पदार्थाचा, लेप. तो वाफेनं किंवा आम्लानं आधी सैल करावा लागतो.

एवढं करूनही साखळी तोडणं हे एकट्या विकराचं (एन्झाइमचं) काम नाही. एंडोग्लुकॅनेज साखळीला मध्येच, जिथं जरा ढिली असेल तिथं, कापतं. त्यातून साखर फारशी निघत नाही, पण प्रत्येक कापाला दोन नवी टोकं मिळतात. सेलोबायोहायड्रोलेजला नेमकं टोकच हवं असतं. ते टोक आपल्या बोगद्यात ओढून घेतं आणि पुढं सरकत ग्लुकोजच्या जोड्या, म्हणजे सेलोबायोज, तोडत जातं. ही जोडी फोडतं तिसरं, बीटा-ग्लुकोसिडेज. काम किरकोळ वाटतं ना? पण ते नसेल तर साठलेलं सेलोबायोज दुसऱ्याच्याच बोगद्यात अडकून बसतं आणि सगळं थंडावतं. म्हणूनच तिघांना वेगवेगळं लावून निघालेल्या साखरेची बेरीज केली, तर ती एकत्र लावल्यावर मिळणाऱ्या साखरेपेक्षा बरीच कमी भरते.

मला ऊसतोडीच्या टोळीची उपमा सुचली होती: एक तोडतो, एक मोळी बांधतो. पण ती लंगडी आहे. इथं पाळ्या नाहीत, सगळे एकाच वेळी एकाच साखळीवर तुटून पडलेले असतात.

हे गुपित बुरशीनं दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. ते कशानं कुजतात याच्या शोधात सापडलेल्या ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीला पुढं एल्विन रीस या संशोधकाचं नाव मिळालं. या कामाला एकाहून जास्त घटक लागतात, हे रीस आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्येच मांडलं होतं.

२०११ साली जपानी संशोधकांनी सेलोबायोहायड्रोलेज ही विकरं सेल्युलोजवरून सरकताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. हंगामात कारखान्याच्या वाटेवर एका ट्रॉलीचा टायर बसला की मागं रांग लागते ना, तसंच दिसलं! पुढचं विकर खडबडीत जागी अडलं की मागची सगळी खोळंबतात. साखळीच्या दुसऱ्या टोकाकडून येणारं त्याचं भावंड सोडलं, तेव्हा काम पुन्हा वेग धरू लागलं.

गोठ्यातली म्हैस वाडं खाऊन हाच सगळा उद्योग पोटातल्या जीवाणूंकडून करून घेते. सुटलेली साखर मात्र तिच्या वाट्याला जवळपास येतच नाही. ती जीवाणूच फस्त करतात, आणि म्हैस जगते त्यांनी टाकलेल्या आम्लांवर.