पडद्यावरचे चित्रपुस्तक-वाचन : पार्श्वभूमी

चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीतले चित्रकथी पोथीतले एकेक चित्र समोर धरून आख्यान गातात. ऑनलाइन चित्रपुस्तक-वाचनाने मात्र आपल्याकडे मूळ धरले ते २०१५ नंतर. त्या वर्षी ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या एका बालप्रकाशन संस्थेने क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखालच्या पुस्तकांचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले. लेखक, चित्रकार आणि परवाना यांचा उल्लेख केला की ही पुस्तके कुणीही वाचून दाखवावीत, व्हिडिओही करावा. यात चित्रकाराचे नाव आजही सर्रास गाळले जाते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षक, ग्रंथपाल, पालक हाती येईल ते पुस्तक घेऊन कॅमेऱ्यासमोर बसले. घोळ झाला तो परवानगीचा. पुस्तक विकत घेतले म्हणजे वाचायला मोकळीक, असाच बहुतेकांचा समज होता. पण वर्गात वाचणे वेगळे आणि व्हिडिओ चढवणे वेगळे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ जाहीर वाचनाला सूट देते, ती वाजवी उताऱ्यापुरती. सगळी गोष्टच तीनशे शब्दांची असेल तर उतारा काढायचा कुठून? शिवाय चित्र ही वेगळी कलाकृती, तिचा हक्क वेगळा. परदेशातल्या अनेक प्रकाशकांनी तेव्हा तात्पुरती सूट दिली: बंद गटातच दाखवा, सुरुवातीला श्रेय द्या, मुदत संपली की काढून टाका. हक्कांच्या दृष्टीने हे रास्तच होते, पण लहान मूल तेच पुस्तक दहादा मागते आणि अकराव्यांदा दुवा उघडत नाही. मुदतीची अट मुलांच्या मुळावर आली.

शब्दांचाही गुंता झाला. कथाकथनाला पुस्तक लागतच नाही. अभिवाचनात सारी मदार आवाजावर. प्रकट वाचनात, म्हणजे पुस्तक समोर धरून मोठ्याने वाचण्यात, मुलाची नजर पानावर हवी, आणि वाचनाची गोडी लावायची तर हेच हवे. सुरुवातीचे बरेच व्हिडिओ मात्र अभिवाचनाचे होते: चेहरा मोठा, पुस्तक कोपऱ्यात. व्हर्च्युअल बॅकग्राउंड, म्हणजे मागचे खोटे दृश्य, लावले की हातातले पुस्तकच गायब होई.

पुढे तंत्र बसत गेले. फोन पुस्तकाच्या बरोबर वर, आडवा. उजेड दोन्ही बाजूंनी तिरपा. सरळ वरून आला तर आर्ट पेपर चकाकतो आणि नेमका चित्रावर पांढरा डाग पडतो. पिना मारलेल्या पुस्तकाची घडी आधी नीट दाबून घ्यायची, नाहीतर जोडपानाच्या मधले चित्र आत दबते. पान उलटल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहायचे, कारण मूल आधी चित्र वाचते. बोट ओळीच्या थोडे खाली फिरवायचे; अक्षरांना चिकटून फिरवले तर उकार झाकले जातात. थेट वाचनात पुढच्या कॅमेऱ्यातून अक्षरे उलटी दिसतात, ती बहुतेकदा फक्त वाचणाऱ्याला. मुलांना सरळच दिसतात.