‘फर्स्ट इयरचे मार्क कोण बघतं?’

‘पहिल्या वर्षी नुसतं पास व्हा, क्लास शेवटच्या वर्षावर ठरतो.’ अ‍ॅडमिशनच्या दिवसांत चोपडा-जळगाव एसटीत हा सल्ला हमखास कानावर पडतो, ग्रुपवरही फिरतो. देणारा खोटं बोलत नसतो. वार्षिक परीक्षांच्या काळात कित्येक पदव्यांचा क्लास खरंच शेवटच्या वर्षावर लागायचा. काका-मामांचा अनुभव तोच.

क्रेडिट पद्धत आली आणि हिशेब बदलला. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, ग्रेड पॉइंट म्हणजे मार्कांवरून मिळणारा आकडा. प्रत्येक विषयाचे ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचे, सगळ्यांची बेरीज एकूण क्रेडिटने भागायची, की आली सरासरी. समजा तीन वर्षांचा कोर्स, सहाही सेमिस्टरला क्रेडिट सारखेच. पहिल्या सेमिस्टरला सरासरी 6 आणि पुढच्या पाचांत 8 मिळाले, तर 46 भागिले 6, म्हणजे 7.67. पहिल्या दोन्हींत 6 पडले, तर थेट 7.33. पाच-सहा महिने टपरीवर काढले, तर ते असे शेवटपर्यंत सोबत येतात. (मी काढलेत.)

खात्री करायची तर सीनियरची मार्कशीट मागा. एसजीपीए म्हणजे ही सरासरी त्या सेमिस्टरची, सीजीपीए म्हणजे तोवरच्या सगळ्यांची. कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून पाहा. कोर्सनुसार नियमात फरक असू शकतो, म्हणून अभ्यासक्रमाच्या पीडीएफमधलं परीक्षा-नियमांचं पान उघडा, नाहीतर कॉलेजच्या ऑफिसात विचारा.