एडिंबरोच्या दप्तरखान्यात वाचक व्हायचे तर: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कागदाचा क्रमांक

स्कॉटलंडच्या इतिहासावर, साहित्यावर किंवा चर्चच्या संस्थांवर मूळ कागदांतून काम करायचे असेल तर एडिंबरोत दोन दरवाजे आहेत. जॉर्ज द फोर्थ ब्रिजवर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, रॉबर्ट ॲडमने आखलेल्या जनरल रजिस्टर हाऊसमध्ये नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड. पहिले राष्ट्रीय ग्रंथालय, दुसरे सरकारी अभिलेखागार. दोन्हींचे वाचकपत्र मोफत मिळते, पण एकाचे दुसरीकडे चालत नाही.

पात्रतेची अट जवळपास नाहीच. पदवी, मार्गदर्शकाचे शिफारसपत्र, ब्रिटिश नागरिकत्व यातले काही लागत नाही. स्वतःच्या हौसेने काम करणाऱ्यालाही प्राध्यापकाइतकाच हक्क आहे. अडतात ती माणसे कागदपत्रांच्या किरकोळ विसंगतीवर, आणि त्याहून जास्त, कोणता कागद कुठे आहे हे न पाहता गेल्यामुळे.

कार्डासाठी काय न्यावे

दोन्हीकडे मूळ मागणी एकच: फोटो असलेले ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. ग्रंथालयाचा अर्ज संकेतस्थळावर आधी भरून ठेवता येतो. कार्ड मात्र स्वतः जाऊन, कागद दाखवूनच घ्यावे लागते. अभिलेखागारात संशोधन कक्षातली जागा आधी आरक्षित करावी आणि वाचकपत्राचे काम त्याच भेटीत उरकावे.

ओळखीसाठी पासपोर्ट उत्तम. पत्त्यासाठी बँकेचे अलीकडचे इंग्रजी विवरणपत्र, शिक्का मारलेले, सोबत ठेवा. नुसत्या मराठीत छापलेले वीजबिल किंवा घरपट्टीची पावती तिथल्या कर्मचाऱ्याला वाचताच येणार नाही. पत्ता भारतातला, कायमचा द्यावा; एडिंबरोतले भाड्याच्या खोलीचे ठिकाण हा पत्त्याचा पुरावा नव्हे.

आपल्याकडची खास अडचण नावाची. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, बँकेत आडनाव आधी, आधारवर मधले वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पूर्ण, तर कुठे नुसते आद्याक्षर. लग्नानंतर एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे आडनाव असेल तर प्रश्न हमखास येतो. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा आणि त्याच्याशी अक्षरशः जुळणारा पत्त्याचा कागद निवडा.

व्हिसापुरते

महिना-दोन महिने कागद वाचायला जाणारे सहसा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर जातात. तो साधारणपणे ६ महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाचा असतो. अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो. नोकरीत असाल तर रजा मंजुरीचे पत्र, विद्यापीठात असाल तर विभागाचे पत्र आणि खर्च कोण करणार याचा पुरावा जोडा. मराठी कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्क हवा. सही-शिक्का आहे पण अचूकतेचे विधानच नाही, अशी भाषांतरे सर्रास दिसतात. ती ग्राह्य धरली जात नाहीत.

आधी क्रमांक, मग तिकीट

पुण्याच्या दप्तरात जसा रुमालाचा क्रमांक सांगितल्याशिवाय कागद पुढे येत नाही, तसेच इथे. कागदाचा संदर्भ क्रमांक घरबसल्या ऑनलाइन सूचीतून काढून ठेवायचा. अभिलेखागारातल्या क्रमांकांची सुरुवातीची अक्षरे कागदांचे घराणे सांगतात. ‘सीएच १’ म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीचे कागद, ‘सीएच २’ म्हणजे त्याच चर्चच्या खालच्या सभांचे, ‘सीएच ३’ म्हणजे फुटून निघालेल्या चर्चांचे. ‘जीडी’ म्हणजे घराण्यांनी देणगी किंवा ठेव म्हणून दिलेली दप्तरे: ‘जीडी ४५’ डलहौसी घराण्याचे, ‘जीडी ५१’ हेन्री डंडसच्या मेलव्हिल घराण्याचे. ‘सीसी’ आणि ‘एससी’ ही न्यायालयांची, ‘आरडी’ करारपत्रांची, ‘आरएस’ जमिनीच्या व्यवहारांची. सूचीत शोधताना ही अक्षरे अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

सगळे कागद रजिस्टर हाऊसमध्ये नसतात. काही शहराच्या पश्चिमेकडच्या थॉमस थॉमसन हाऊसमधून आणावे लागतात. आज मागितले आणि तासाभरात टेबलावर आले, असे तिथे होत नाही. जागा आरक्षित करतानाच क्रमांक कळवावेत, नाहीतर पहिला दिवस फुकट जातो.

आणि हे तर पक्के लक्षात ठेवा: ज्याची डिजिटल प्रत झाली आहे त्याचे मूळ सहसा हातात देत नाहीत. मृत्युपत्रे, पॅरिशच्या (म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या) नोंदवह्या, चर्चसभांची इतिवृत्ते यांचा फार मोठा भाग ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर आहे, आणि चर्चसभांची इतिवृत्ते तिथे पैसे न देता वाचता येतात. एवढ्यासाठीच विमानाचे तिकीट काढणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

कोणत्या चर्चचा माणूस, हे आधी ठरवा

महाराष्ट्राच्या अभ्यासकांचा स्कॉटलंडशी संबंध बहुधा मिशनऱ्यांमुळे येतो, आणि सर्वाधिक गोंधळही इथेच होतो. मुंबईचे जॉन विल्सन घ्या. जन्म १८०४, लॉडर. १८२९ मध्ये मुंबईत आले ते स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे म्हणून. १८३५ मध्ये हे काम चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेले. १८ मे १८४३ ला त्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि विल्सन नव्या फ्री चर्चमध्ये गेले. माणूस तोच, गाव तेच, पण पत्रे तीन संस्थांना लिहिलेली. ‘विल्सन, मुंबई’ एवढेच घेऊन सूचीत शिरलात तर एका कालखंडाचेच कागद हाती लागतील आणि बाकीचे नाहीतच असा समज होईल. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप मात्र फुटीनंतर आलेले, म्हणून त्यांचा शोध थेट फ्री चर्चपासून सुरू होतो. १९०० मध्ये फ्री चर्चचे बहुसंख्य लोक युनायटेड प्रेसबिटेरियन या दुसऱ्या चर्चशी मिळून युनायटेड फ्री चर्च झाले आणि १९२९ मध्ये त्याचा मोठा भाग परत चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये आला. तारखांची ही पट्टी टेबलावर समोर ठेवावीच.

दुसरी गफलत इमारतीची. चर्चचे कागद अभिलेखागारात, म्हणून मिशनची पत्रेही तिथेच असणार असे धरून लोक रजिस्टर हाऊस गाठतात. स्कॉटलंडमधल्या मंडळ्यांची इतिवृत्ते तिथे आहेत खरी; पण परदेशी मिशन समित्यांच्या पत्रव्यवहाराचा मोठा साठा राष्ट्रीय ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात आहे. बडोद्याचा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर याचे बोलँड दप्तर आणि गव्हर्नर जनरल मिंटोची कागदपत्रेही ग्रंथालयातच. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश असला तरी त्याचा मुख्य संग्रह एडिंबरोत नाहीच. तो लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानातल्या आरोग्यविषयक सरकारी अहवालांचा मोठा संच ग्रंथालयाने ‘इंडिया पेपर्स’ या नावाने डिजिटल करून मोफत ठेवला आहे. प्लेग किंवा लष्करी इस्पितळांवर काम करणाऱ्यांनी तो आधी चाळावा. उलट, कायद्याने ग्रंथालयाकडे जमा होणारी ई-पुस्तके फक्त इमारतीतल्या संगणकांवर वाचता येतात, आणि सशुल्क डेटाबेस घरून वापरण्याची सोय स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांपुरती आहे. कार्ड काढले म्हणून ठाण्यात बसून सगळे उघडेल, अशी आशा करू नये.

जन्म, लग्न, मृत्यू, मृत्युपत्र

सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्यापूर्वीचे सगळे पॅरिशच्या वह्यांत, आणि त्यात जन्म-मृत्यूऐवजी बहुधा बाप्तिस्मा व दफन असते. ‘स्कॉटलंड्स पीपल’वर खाते मोफत, नावाचा शोधही मोफत, नोंदीची प्रतिमा उघडायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. जन्माच्या १००, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षांच्या आतल्या नोंदींची प्रतिमा ऑनलाइन दिसत नाही. शोधनिबंधाला प्रतिमा पुरते. अधिकृत दाखला कायदेशीर कामासाठी, उगाच मागवू नये.

मुंबईत किंवा पुण्यात मेलेल्या स्कॉटिश माणसाची नोंद स्कॉटलंडच्या वह्यांत सहसा मिळत नाही. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये ‘एन ३’ या मालिकेत आहेत. ‘एन १’ बंगालची, ‘एन २’ मद्रासची.

पण त्याच माणसाची स्कॉटलंडमध्ये जंगम मालमत्ता असेल तर एक कागद एडिंबरोत सापडू शकतो. परदेशी मेलेल्यांच्या मृत्युपत्रांची नोंद गावच्या न्यायालयात नव्हे, एडिंबरोच्या कमिसरी न्यायालयात होत असे (‘सीसी ८’), आणि पुढे एडिंबरोच्या शेरीफ न्यायालयात (‘एससी ७०’). त्याच्या मूळ परगण्यात शोधून हात हलवत परतणारे पुष्कळ.

मृत्युपत्र मिळाले आणि त्यात जमिनीचा उल्लेखच नाही म्हणून माणूस भूमिहीन ठरवू नका. १८६८ पर्यंत स्कॉटलंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. ती वारसनोंदीने जाई किंवा आधीच विश्वस्तपत्र करून ठेवलेले असे. म्हणून १६१७ पासूनची जमिनीच्या दस्तांची वही (सेसीन्स), वारसनोंदी आणि ‘आरडी’ही पाहावे लागते. विवाहित स्त्रिया जुन्या कागदांत माहेरच्या आडनावाने येतात. सासरचे नाव टाकून शोध घेतला तर त्या सापडतच नाहीत.

टेबलावर बसल्यावर

पेन आत चालत नाही, शिसपेन न्या. पिशवी, पाण्याची बाटली आणि कोट लॉकरमध्ये. फोटो काढण्याआधी काउंटरवर त्या संग्रहाची परवानगी विचारा. काही ठेवींवर मालकाच्या अटी असतात.

सतराव्या शतकातले किंवा त्याआधीचे कागद मागवणार असाल तर ‘सेक्रेटरी हँड’ हे वळण आधी शिकून जा. इंग्रजी येते म्हणून ते वाचता येईल असे नाही. मराठी येणाऱ्याला मोडी आपोआप येते का? तारखांचीही मेख आहे. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारीला नवे वर्ष मोजायला सुरुवात केली, इंग्लंडने १७५२ पासून. त्यामुळे फेब्रुवारी १७०७ मध्ये एडिंबरोत लिहिलेल्या पत्राला लंडनहून आलेल्या उत्तरावर १७०६ असू शकते. रकमांचेही तसेच: स्कॉटलंड-इंग्लंडच्या १७०७ च्या एकीकरणाच्या वेळी १२ स्कॉट्स पौंड म्हणजे १ इंग्रजी पौंड. हे विसरले की गरीब शेतकरी कागदावर सावकार दिसू लागतो.

खासगी वाड्यांतली दप्तरे आणि आयर्लंड

अनेक सरदार घराण्यांचे कागद आजही त्यांच्याच ताब्यात आहेत. त्यांची माहिती नॅशनल रजिस्टर ऑफ आर्काइव्ह्ज फॉर स्कॉटलंडच्या याद्यांत मिळते, आणि परवानगीची विनंती त्याच कार्यालयामार्फत मालकाकडे जाते. संमती देणे मालकावर बंधनकारक नाही. विषय, नेमके क्रमांक आणि तारखा लिहून काही महिने आधी अर्ज करा. ‘सर्व कागद पाहायचे आहेत’ असे लिहिलेल्या अर्जाला नकार मिळाला तर नवल नाही.

त्याच फेरीत आयर्लंडही करायचे असेल तर बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागारासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, कारण ते युनायटेड किंग्डममध्येच आहे. डब्लिनसाठी मात्र ब्रिटिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) ही नोंद हवी आणि पहिला प्रवेश ब्रिटनमध्ये झालेला हवा. नोंद नसेल तर आयरिश व्हिसा वेगळा काढा. डब्लिनमध्ये कामाची रीतही बदलते. ३० जून १९२२ ला फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीतल्या स्फोटात आणि आगीत तिथल्या सरकारी अभिलेखागाराचा बहुतांश साठा नष्ट झाला, त्यामुळे मूळ कागदाऐवजी नकला, गोषवारे आणि बाहेर राहिलेल्या प्रती जमवाव्या लागतात. जळलेल्या कागदांच्या अशा प्रती एकत्र आणणारा ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड’ २०२२ पासून मोफत खुला आहे. १९०१ व १९११ ची जनगणना आणि राष्ट्रीय ग्रंथालयातल्या कॅथलिक पॅरिश वह्याही ऑनलाइन मोफत आहेत. डब्लिनच्या ग्रंथालयाचे आणि अभिलेखागाराचे वाचकपत्र पुन्हा स्वतंत्र काढायचे, म्हणून बँकेच्या विवरणपत्राच्या दोन-तीन प्रती जास्तीच्या ठेवा.