रामसर: बदकांसाठी झालेला करार माणसांपर्यंत कसा आला

नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात पक्षी बघायला गेलेल्या माणसाला 'रामसर स्थळ' हा शब्द भेटतोच, आणि दहातल्या निम्म्यांना वाटतं की हे आपल्याकडचंच काहीतरी असणार. राम, आणि सर म्हणजे तळं. पंचवटी जवळच असल्यामुळे ही व्युत्पत्ती निफाड तालुक्यात सहज खपूनही जाते. रामसर मात्र आहे इराणमध्ये. एका बाजूला कॅस्पियन समुद्र, दुसऱ्या बाजूला एल्बुर्झच्या डोंगरातली जंगलं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं हवा खायला जायचं गाव. ३० जानेवारी १९७१ ला तिथे १८ देशांचे प्रतिनिधी जमले. २ फेब्रुवारीला त्यांनी पाणथळ जागांविषयीच्या कराराचा मसुदा मान्य केला आणि ३ तारखेला सह्या झाल्या. त्या अठरांत भारतही होता, पाकिस्तानही. बैठक सुरू झाली त्याच दिवशी इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' विमान पळवून लाहोरला नेण्यात आलं होतं, आणि वर्ष संपायच्या आत दोन्ही देश युद्धात उतरले. बदकांच्या बाबतीत मात्र त्या आठवड्यात दोघं एकाच टेबलाशी बसले होते.

हा करार रामसरला झाला, तरी त्याची सुरुवात दक्षिण फ्रान्समध्ये झाली होती. ऱ्होन नदी समुद्राला मिळते तिथे कामार्ग नावाचा खाऱ्या-गोड्या पाण्याचा प्रदेश आहे. स्वित्झर्लंडमधल्या हॉफमन-ला रोश या औषध कंपनीच्या घराण्यातला एक तरुण, लुक हॉफमन, पक्ष्यांच्या नादाने तिथे पोहोचला. १९४७ मध्ये त्याने तिथली 'तूर दु वाला' ही जुनी जमीनजायदाद विकत घेतली आणि १९५४ मध्ये तिचं संशोधन केंद्र केलं. घरच्या धंद्यात न रमलेले श्रीमंतांचे मुलगे पुष्कळ असतात. चिखलात रमलेला हा बहुधा एकटाच.

हॉफमनचा काळ पाणथळ जमिनींना वाईट होता. दलदल म्हणजे हिवताप आणि वाया गेलेली जमीन, हे युरोपातलं सरकारी शहाणपण होतं. महायुद्धानंतर धान्याची गरज वाढली, यंत्रं आली, आणि चर खणून पाणी काढून देणं याला 'सुधारणा' हेच नाव पडलं. आपल्याकडचं शहाणपण फारसं वेगळं नव्हतं. सातबाऱ्यावर जी जमीन 'पोटखराब' म्हणून लागते, तिच्यात पाणथळ तुकडे असतातच. नावातच 'खराब' असलेल्या जमिनीसाठी कोण भांडणार?

युरोपात भांडायला पहिल्यांदा उभे राहिले ते पक्षी-अभ्यासक, आणि त्यांच्या बरोबरीने शिकारी. दोघांची अडचण एकच होती. बदक सैबेरियात अंडी घालतं, वाटेत दहा देशांत उतरतं आणि हिवाळा आफ्रिकेत किंवा भारतात काढतं. एका देशाने आपलं तळं कितीही जपलं तरी पुढच्या देशाने त्याचं तळं बुजवलं तर उपयोग शून्य. नोव्हेंबर १९६२ मध्ये हॉफमनच्या पुढाकाराने कामार्गमधल्या सँत-मारी-द-ला-मेर या गावी परिषद भरली. मोहिमेचं नाव होतं 'मार', कारण दलदलीला इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये जे शब्द आहेत ते तिन्ही याच अक्षरांनी सुरू होतात. आंतरराष्ट्रीय करार हवा आणि महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी हवी, या दोन मागण्या तिथेच ठरल्या.

ठरल्यापासून सह्यांपर्यंत आठ वर्षं गेली. सेंट अँड्र्यूज, नूर्डवाइक, लेनिनग्राड, व्हिएन्ना, एस्पू, अशा बैठकांमागून बैठका झाल्या. मसुदा लिहायचं बरंचसं काम डच सरकारने अंगावर घेतलं. सगळ्यांत वाईट गत झाली ती लेनिनग्राडच्या बैठकीची. ती ठरली होती सप्टेंबर १९६८ मध्ये, आणि ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. पश्चिमेकडच्या अनेकांनी जायचं टाळलं. सोव्हिएत संघाशिवाय करार करणं तर निरर्थक होतं, कारण पाणपक्ष्यांची अर्धी बाळंतघरं त्यांच्याच हद्दीत. ही गाडी रुळावर ठेवायचं चिकाटीचं काम पुढे जेफ्री मॅथ्यूज या इंग्रज शास्त्रज्ञाने केलं. पक्ष्यांना दिशा कशी कळते हा त्याच्या अभ्यासाचा विषय. राजनैतिक वाटाघाटींत त्याचा कितपत उपयोग झाला असेल, देव जाणे.

आणि मग आले एस्कंदर फिरोज. इराणच्या शिकार आणि मत्स्य खात्याचे प्रमुख, पुढे तिथल्या पर्यावरण खात्याचेही. पूर्वेचे आणि पश्चिमेचे दोन्ही गट बिनतक्रार येतील अशी जागा त्यांनी देऊ केली, आणि परिषदेचं अध्यक्षपदही त्यांनीच सांभाळलं. १९७९ च्या क्रांतीनंतर नव्या राजवटीने त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांनी देऊ केलेल्या गावाचं नाव मात्र करारावर कायम राहिलं.

कराराचा मजकूर वाचला तर तो किती मऊ आहे याचं आश्चर्य वाटतं. दंड नाही, न्यायाधिकरण नाही. प्रत्येक देशाने किमान एक जागा यादीत घालायची, तिची काळजी घ्यायची, आणि आपल्या हद्दीतल्या सगळ्याच पाणथळ जागांचा 'शक्य तितका' सुज्ञ वापर करायचा. 'तातडीच्या राष्ट्रीय हितासाठी' यादीतल्या जागेची हद्द कमी करायचीही मुभा आहे. घाई तर इतकी, की करारात दुरुस्ती कशी करायची याचं कलमच घालायचं राहून गेलं होतं! स्वतंत्र सचिवालय नव्हतं, निधी नव्हता. दुरुस्तीची सोय व्हावी म्हणून १९८२ मध्ये पॅरिसला वेगळा पूरक करार करावा लागला. त्याआधी, २१ डिसेंबर १९७५ ला, ग्रीस सातवा सदस्य झाल्यावर मूळ करार अमलात आला होता. यादीतली पहिली जागा ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्येच दिली होती, उत्तरेकडचं कोबर्ग द्वीपकल्प.

या मऊपणाला बरेच जण हसतात. मला त्यातले दोनच शब्द कामाचे वाटतात: 'सुज्ञ वापर'. १९७१ मध्ये ते घालणाऱ्यांना त्याचा नेमका अर्थ सांगता आला असता असं वाटत नाही, कारण व्याख्या करायला १९८७ ची कॅनडातल्या रेजायनाची परिषद उजाडली. पण 'हात लावू नका' असं न म्हणता 'वापरा, पण शहाणपणाने' असं म्हणण्याने एक दार उघडं राहिलं. त्या दारातून पुढे कोळी आत आले, शेतकरी आले, एक सांडपाण्याचा इंजिनिअरही आला.

दार बंद केल्यावर काय होतं, ते भरतपूरने दाखवलं. भारतात करार १९८२ मध्ये लागू झाला आणि आपल्या पहिल्या दोन जागा होत्या ओडिशातलं चिल्का आणि राजस्थानातलं केवलादेव. केवलादेव म्हणजे भरतपूरच्या राजांचं शिकारीचं तळं. बांध घालून, कालव्याचं पाणी सोडून तयार केलेलं, म्हणजे पुरतं माणसाच्या हातचं. १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यानाच्या नियमाने गुराचराई बंद झाली. आसपासच्या गावांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसलं ते भलतंच. म्हशी थांबल्यावर पाण्यातलं गवत माजलं आणि उघडं पाणी आक्रसत गेलं. म्हशी चरत होत्या म्हणून बदकांना जागा होती! १९९० मध्ये करारातल्या 'माँट्रो नोंदवही'त, म्हणजे बिघडत चाललेल्या जागांच्या यादीत, केवलादेवचं नाव लागलं. ते अजून निघालेलं नाही.

चिल्काचं नाव त्या वहीत १९९३ मध्ये गेलं आणि २००२ मध्ये निघालंही. गाळाने सरोवराचं समुद्राकडचं तोंड बुजत चाललं होतं, खारेपणा घटला होता, पाणवनस्पती माजल्या होत्या आणि जाळी रिकामी येत होती. अजित पटनायक यांच्या नेतृत्वाखाली चिल्का विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख खणून सरोवर समुद्राला जोडलं. भरती आत येऊ लागली, आणि मासळीचं उत्पादन थोड्याच वर्षांत कित्येक पटींनी वाढलं. यातलं तांत्रिक श्रेय मोठं आहेच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मोजमाप पक्ष्यांच्या बरोबरीने कोळ्याच्या टोपलीतलंही झालं.

तो सांडपाण्याचा इंजिनिअर म्हणजे ध्रुवज्योती घोष. १९८० च्या सुमाराला पश्चिम बंगाल सरकारच्या नोकरीत असताना, कलकत्त्याचं मैलापाणी नेमकं जातं कुठे, हे बघायला ते कालव्याच्या कडेकडेने पूर्वेला गेले. शहरात सांडपाणी शुद्ध करायचा म्हणावा असा मोठा प्रकल्प नव्हता, तरी शहर घाणीत बुडत नव्हतं. पुढे त्यांना दिसल्या 'भेरी', उथळ मत्स्यतळी. मच्छीमार मैलापाणी मापाने आत घेत, काही दिवस नुसतं उन्हात ठेवत. उन्हाने आणि शेवाळाने पाणी निवळे, मग त्यात मासे सोडत. रंग आणि वास यांवरून पाणी तयार झालं की नाही हे ते ओळखत. काठ ढासळू नयेत आणि घाणीतलं जड ते शोषलं जावं म्हणून जलपर्णी बांधून ठेवत. उरलेलं पाणी खालच्या भातशेतीला. इंजिनिअरिंग कॉलेजात जे शिकवलं नव्हतं ते तिथे अनेक दशकं रोज चाललं होतं.

घोष यांनी त्या १२,५०० हेक्टरांचा नकाशा काढला, आणि त्याचा उपयोग थेट न्यायालयात झाला. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिथे भराव टाकायला मनाई केली आणि २००२ मध्ये पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्र रामसर यादीत गेलं. २०१६ मध्ये घोष यांना मिळालेला एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार लुक हॉफमनच्या नावाचा होता. हॉफमन त्याच वर्षी वारला, घोष २०१८ मध्ये.

कराराचं सचिवालय स्वित्झर्लंडमधल्या ग्लां इथे आहे. तिथल्या महासचिवांची यादीही बदलत्या वाऱ्याचीच खूण आहे. युरोपी पक्षीप्रेमींच्या या संस्थेची सूत्रं नायजरचे अनादा तिएगा, कोलंबियाच्या मार्था रोहास उर्रेगो आणि २०२२ पासून झांबियाच्या मुसोंडा मुंबा यांच्याकडे येत गेली. जुलै २०२५ ची परिषद झिंबाब्वेत व्हिक्टोरिया फॉल्सला भरली. सुज्ञ वापरासाठीचा रामसर पुरस्कार त्या वर्षी चेन्नईच्या जयश्री वेंकटेशन यांना मिळाला. पळ्ळिकरणैच्या दलदलीवर महापालिका कचरा ओतत होती आणि आयटी कंपन्या इमारती चढवत होत्या, त्या काळापासून त्या तिच्या मागे होत्या.

महाराष्ट्रात पहिली जागा यायला २०२० उजाडलं. जानेवारीत नांदूरमध्यमेश्वर जाहीर झालं, त्याच वर्षी लोणार, २०२२ मध्ये ठाण्याची खाडी, आणि शेजारी गोव्यातलं कुडचड्याजवळचं नंदा तळं. यांत नांदूरची गोष्ट गमतीची. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाटबंधाऱ्यासाठी दगडी बंधारा बांधला. गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणकणीस उगवलं. धरण म्हणून बिघडत गेलं तसं पक्ष्यांसाठी ते उत्तम होत गेलं. आता तिथे थापट्या आणि तलवार बदकं उतरतात, चक्रवाक येतात, आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी थव्याने तरंगतात (पक्ष्याला हे नाव देणाऱ्याचे आभार). पण २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांची व्याख्या उघडून बघा: भातशेती वगळली आहे, आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली बांधकामंही. नियम रामसर जागांना लागू आहेत, म्हणून नांदूरची काळजी नाही. राज्यातल्या बाकी शेकडो पाझर तलावांना, जिथे हेच वारकरी उतरतात, ती व्याख्या दाराबाहेरच ठेवते. मूळ करार मात्र पहिल्याच कलमात सांगतो: नैसर्गिक असो वा कृत्रिम.

माझंदरान प्रांतात, म्हणजे ज्या प्रांतात रामसर आहे तिथेच, फरेदुनकेनार नावाची जागा आहे. भाताची कापणी झाली की शेतकरी खाचरांत पाणी सोडतात आणि हिवाळाभर तिथे पिढीजात पद्धतीने जाळ्यांत बदकं धरतात. धरायची असतात म्हणूनच तिथे बंदूक वाजू देत नाहीत, आवाज करू देत नाहीत. भरतपूरला सैबेरियन क्रौंच शेवटचे दिसले ते २००२ मध्ये. पश्चिमेकडच्या थव्यातला एक उरला. 'ओमिद', म्हणजे आशा, असं नाव त्याला इराणी लोकांनी दिलं. २००७ नंतर वर्षानुवर्षं तो हजारो किलोमीटर उडून एकटाच येत राहिला, आणि उतरत राहिला तो बदकं धरणाऱ्यांच्या त्याच भातखाचरांत.